जुन्या नोकरीतला छोटा पेन्शन पॉट मोडायचा आहे (युके): टॅक्स किती जाईल, हातात किती येतील?

चाफा_स्लाउ

नमस्कार मंडळी. २०१३ ते २०१६ मध्ये ज्या कंपनीत होते तिथल्या ऑटो-एन्रोलमेंटमधून (कंपनी आपोआप पेन्शन योजनेत घालते त्यातून) एक पॉट साठला आहे. आजची किंमत ८,४०० पौंड. घराचं छप्पर दुरुस्तीला आलंय, म्हणून हा पॉट पूर्ण मोडावा असं वाटतंय. माझं वय ५६. सध्या नोकरी चालू आहे, टॅक्सला धरला जातो तो पगार वर्षाला ४६,००० पौंड. राहणं इंग्लंडमध्ये. आताच्या कंपनीची पेन्शनही चालू आहे आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यात जास्त पैसे टाकायचा विचार आहे.

प्रोव्हायडरच्या, म्हणजे पेन्शन सांभाळणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर 'सगळे पैसे रोख घ्या' असं बटण आहे. ते दाबलं की झालं, की त्यात काही मेख आहे? चौथा हिस्सा करमुक्त असतो एवढं माहीत आहे. बाकीच्यावर 'इमर्जन्सी टॅक्स' कापतात म्हणे, तो परत मिळतो का? आताच्या पेन्शनवर काही परिणाम होतो का?

आणखी दोन गोष्टी. माझा आणखी एक पॉट आहे, ११,३०० पौंडांचा. त्याला हेच नियम लागतात का? आणि नवऱ्याचा २,९०० पौंडांचा पॉट आहे, त्याचा जन्म ऑक्टोबर १९७२ चा. त्याला एकाचा फोन आला होता की 'आम्ही वयाची अट न लागता काढून देतो'. मला ते खरं वाटत नाही, पण नियम नेमका काय आहे?

हिशेबनीस

ताई, ते बटण अजून दाबू नका. तुमच्या वयाला पॉट मोडायला कायद्याची आडकाठी नाही. पण तेच ८,४०० पौंड दोन वेगळ्या नावांखाली बाहेर येऊ शकतात, आणि कोणत्या नावाखाली आले त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पहिला मार्ग 'स्मॉल पॉट', अधिकृत भाषेत 'स्मॉल लम्प सम'. पैसे देण्याच्या दिवशी पॉटची किंमत १०,००० पौंड किंवा त्याहून कमी असेल आणि तो पूर्ण रिकामा होत असेल, तर हा मार्ग लागू होतो. दुसरा 'यूएफपीएलएस', म्हणजे ज्या पॉटला अजून हात लावलेला नाही त्यातून एकरकमी उचल. वेबसाइटवरचं बटण बहुतेक वेळा दुसऱ्या मार्गाचं असतं, कारण तो कुठल्याही रकमेला चालतो आणि प्रोव्हायडरला सगळ्यांसाठी एकच पद्धत सोयीची पडते.

दोन्हींत २५ टक्के करमुक्त आणि ७५ टक्के उत्पन्न. तुमच्या बाबतीत २,१०० करमुक्त, ६,३०० करपात्र. पेन्शनच्या पैशावर नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) लागत नाही. इथपर्यंत दोन्ही सारखे.

फरक पडतो तो पुढे. यूएफपीएलएस घेतलात की 'एमपीएए' लागतो, म्हणजे तुमच्या डिफाइन्ड कॉन्ट्रिब्युशन (भरलेल्या पैशांचा पॉट साठतो त्या प्रकारच्या) पेन्शनमध्ये वर्षाला टाकता येणाऱ्या रकमेची मर्यादा ६०,००० वरून १०,००० पौंडांवर येते. या १०,००० मध्ये तुमचे पैसे, कंपनीचे पैसे, टॅक्सची सवलत, सगळं आलं. मागच्या वर्षांची न वापरलेली मर्यादा पुढे ओढून वापरायची सोयही या पैशांपुरती जाते. आणि एकदा लागला की तो कायमचा. ८,४०० च्या छपरासाठी हे ओझं घ्यायचं कारण नाही, विशेषतः तुम्ही पुढे जास्त भरणार म्हणताय तेव्हा. स्मॉल पॉटने एमपीएए लागत नाही.

दुसरा फरक टॅक्स कापण्याच्या पद्धतीचा. यूएफपीएलएसवर बहुधा '१२५७एल एम१' हा कोड लावतात. एम१ म्हणजे 'हा एकाच महिन्याचा पगार आहे आणि असाच दर महिन्याला मिळणार आहे' असं धरून केलेला हिशेब. वर्षाच्या १२,५७० पौंडांच्या करमुक्त वैयक्तिक सवलतीचा फक्त बारावा भाग वापरला जातो. तुमच्या ६,३०० चं काय होईल बघा: पहिले १,०४८ शून्य टक्क्याने, पुढचे ३,१४२ वीस टक्क्यांनी म्हणजे ६२८ पौंड, उरलेले २,११० चाळीस टक्क्यांनी म्हणजे ८४४. एकूण कापले १,४७२. लोक ज्याला 'इमर्जन्सी टॅक्स' म्हणतात तो हाच.

स्मॉल पॉटला 'बीआर' कोड लागतो, सरसकट वीस टक्के. ६,३०० वर १,२६०. त्या दिवशी तुमच्या खात्यात ७,१४० जमा होतील.

पण हा अंतिम आकडा नाही. ४६,००० अधिक ६,३०० म्हणजे ५२,३००. चाळीस टक्क्यांचा पट्टा ५०,२७० ला सुरू होतो. तुमचे २,०३० पौंड त्या रेषेच्या वर जातात आणि त्यांच्यावर वीस टक्के आणखी द्यावे लागतील, म्हणजे ४०६ पौंड. हे पैसे एचएमआरसी (युकेचं कर खातं) वर्ष संपल्यावर हिशेब पाठवून किंवा पुढच्या वर्षीचा टॅक्स कोड बदलून वसूल करते. म्हणजे तुमच्या हातात खऱ्या अर्थाने ६,७३४ पौंड पडतील. छप्परवाल्याला सगळे ७,१४० देऊन मोकळ्या होऊ नका, ४०६ बाजूला ठेवा.

थेंबेथेंबे

हिशेबनीस यांचा हिशेब बरोबर आहे. त्या ४०६ चं काय करता येईल ते सांगतो.

स्मॉल पॉट एकाच फटक्यात संपवावा लागतो, अर्धा या वर्षी अर्धा पुढच्या वर्षी असं चालत नाही. त्यामुळे हातात उरते ती फक्त वेळ. युकेचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. पैसे ज्या तारखेला दिले जातात ते वर्ष धरतात, अर्ज केल्याची तारीख नाही. मार्चमध्ये अर्ज केला आणि पैसे १० एप्रिलला आले तर ते पुढच्या वर्षात गेले. पुढच्या वर्षी तुम्ही बिनपगारी रजा घेणार असाल, तास कमी करणार असाल, तर तोपर्यंत थांबणं फायद्याचं.

थांबता येत नसेल तर त्याच करवर्षात पगारातून २,०३० पौंड जास्तीचे आताच्या पेन्शनमध्ये वळवा. कंपनीत सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा काही भाग सोडायचा आणि तो कंपनी थेट पेन्शनमध्ये भरते) असेल तर उत्तमच: तुमचं करपात्र उत्पन्न बरोबर ५०,२७० वर येतं. २,०३० वरचा चाळीस टक्के टॅक्स वाचतो, ८१२ पौंड, आणि त्या पगारावरचा आठ टक्के नॅशनल इन्शुरन्सही, १६२ पौंड. म्हणजे हातातल्या पगारातून सुमारे १,०५६ कमी आले आणि पेन्शनमध्ये २,०३० जमा झाले. रोख रकमेची अगदीच ओढाताण नसेल तर हे कराच. मात्र वर्षाचे पुरेसे पगार शिल्लक असताना कंपनीला कळवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगून पगारपत्रक बदलत नाही.

रेषा ओलांडली की आणखी दोन लहान गोष्टी हलतात आणि त्या हिशेबात कुणी धरत नाही. बँकेच्या व्याजावरची करमुक्त मर्यादा १,००० वरून ५०० पौंडांवर येते. एक पौंडाने ओलांडली तरी येते. आणि नवऱ्याचं उत्पन्न कमी असल्यामुळे त्याच्याकडून तुम्ही मॅरेज अलाउन्स (त्याच्या न वापरलेल्या करमुक्त सवलतीचा काही भाग) घेत असाल तर तो त्या वर्षापुरता जातो, २५२ पौंडांचा फटका. वरचे २,०३० पेन्शनमध्ये वळवले आणि बँकेचं व्याज धरूनही उत्पन्न ५०,२७० च्या आत राहिलं तर हे दोन्ही टळतं.

वाचणाऱ्या इतरांसाठी: पगार ६०,००० च्या आसपास असेल आणि घरात चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) येत असेल तर जास्त जपा. ६०,००० च्या वर दर २०० पौंडांमागे चाइल्ड बेनिफिटचा एक टक्का परत द्यावा लागतो, ८०,००० ला सगळा जातो. पगार ५९,००० आणि पॉटचे करपात्र ६,३०० असतील तर ६५,३०० झाले, म्हणजे २६ टक्के बेनिफिट परत. चाळीस टक्के टॅक्स वेगळा. अशा माणसाने तो पॉट नोकरी चालू असताना मोडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एडिनबराकर

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. इथे ४३,६६२ पौंडांच्या वर ४२ टक्के लागतात. ताईंचाच ४६,००० पगार इथे असता तर पॉटचे सगळेच्या सगळे ६,३०० पौंड ४२ टक्क्यांत गेले असते.

हिशेबनीस

आता ११,३०० च्या पॉटबद्दल. १०,००० च्या वर असल्यामुळे तो सरळ स्मॉल पॉट होत नाही. पण वाट आहे.

आधी हा पॉट कोणत्या प्रकारचा आहे ते वार्षिक पत्रकावर बघा. 'ट्रस्ट' किंवा 'मास्टर ट्रस्ट' असं लिहिलं असेल तर ती ऑक्युपेशनल योजना. 'ग्रुप पर्सनल पेन्शन' किंवा नुसतं 'पर्सनल पेन्शन' असेल तर ती वैयक्तिक. वैयक्तिक प्रकारातले आयुष्यभरात तीनच पॉट स्मॉल पॉट म्हणून मोडता येतात. ऑक्युपेशनल योजनांना या तीनची मर्यादा नाही, वेगवेगळ्या योजनांतले कितीही चालतात, फक्त त्या योजनेतला तुमचा सगळा हक्क संपला पाहिजे. म्हणून तीनचा कोटा जपून वापरा.

११,३०० साठी पहिली वाट: काही वैयक्तिक योजनांमध्ये पॉट आतून तुकड्यांमध्ये विभागलेला असतो, किंवा प्रोव्हायडर तसा विभागून देतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्र 'अरेंजमेंट' असेल आणि १०,००० च्या आत असेल तर तो स्मॉल पॉट होऊ शकतो. ११,३०० चे दोन तुकडे म्हणजे तीनातले दोन खर्ची पडले.

दुसरी वाट मला जास्त आवडते. पॉट ड्रॉडाउनमध्ये (पैसे गुंतलेले ठेवून लागतील तसे काढायच्या सोयीत) न्यायचा आणि फक्त करमुक्त २५ टक्के, म्हणजे २,८२५ पौंड उचलायचे. उरलेल्या ८,४७५ ला हात लावायचा नाही. नुसता करमुक्त हिस्सा घेतल्याने एमपीएए लागत नाही. करपात्र भागातला पहिला पौंड उचलला की लागतो. पुढे कधीतरी, नोकरी सुटल्यावर, ते ८,४७५ स्मॉल पॉट म्हणून मागता येतात, कारण आता रक्कम १०,००० च्या आत आहे. मात्र त्यात पुन्हा २५ टक्के करमुक्त मिळत नाहीत, तो हिस्सा आधीच घेतलेला असतो. सगळी रक्कम करपात्र धरली जाते. सगळे प्रोव्हायडर हे करत नाहीत, आधी विचारा.

एक सावधगिरी १०,००० च्या काठावर असलेल्यांसाठी. पॉट शेअर बाजारात गुंतलेला असतो. अर्जाच्या दिवशी ९,९३० असलेला पॉट पैसे देण्याच्या दिवशी १०,०४० झाला तर स्मॉल पॉटचा अर्ज फेटाळला जातो. असं असेल तर अर्जाआधी पैसे योजनेतल्या रोख किंवा तशाच स्थिर फंडात हलवा.

चाफा_स्लाउ

खूप आभार दोघांचे. एवढं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. दोन शंका. एक, जास्तीचा टॅक्स कापला गेला तर कोणता फॉर्म भरायचा? चार वेगवेगळे नंबर दिसतात. दुसरं, मोडण्याआधी पॉटमध्ये काही 'दडलेलं' आहे का ते कसं बघायचं?

हिशेबनीस

फॉर्मचा गोंधळ सगळ्यांचा होतो, आणि चुकीचा फॉर्म गेला की महिने वाया जातात. तुम्ही स्मॉल पॉट घेतलात तर तुमचा फॉर्म पी५३. तो फक्त या छोट्या एकरकमी उचलीसाठी आहे. बाकीचे तीन लवचीक मार्गासाठी, म्हणजे यूएफपीएलएस किंवा ड्रॉडाउनमधून काढलेल्या पैशांसाठी: पॉट पूर्ण रिकामा केला आणि दुसरं करपात्र उत्पन्नच नाही तर पी५०झेड, रिकामा केला पण पगार वगैरे चालू आहे तर पी५३झेड, पॉटमधला थोडाच भाग काढला आणि त्या वर्षात परत काढणार नाही तर पी५५.

चारही ऑनलाइन भरता येतात. पैसे देताना प्रोव्हायडर पी४५ (दिलेली रक्कम आणि कापलेला टॅक्स दाखवणारं पत्रक) पाठवतो, तो हाताशी ठेवा, त्यातलेच आकडे भरायचे असतात. काहीच भरलं नाही तरी वर्ष संपल्यावर एचएमआरसी स्वतः हिशेब जुळवते आणि जास्तीचे पैसे परत करते, पण त्याला मधले महिने थांबावं लागतं. ज्यांनी मागे कधी पॉट मोडला आणि दुर्लक्ष केलं त्यांना करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतं.

तुमच्या बाबतीत मात्र परत मिळण्यासारखं काही नाही, उलट ४०६ द्यायचे आहेत, ते वर आलंच आहे. पी५३ खरा उपयोगी पडतो तो ज्यांचं वर्षाचं उत्पन्न १२,५७० च्या आत आहे त्यांना. घरी असलेल्या, नोकरी नसलेल्या व्यक्तीने हाच ८,४०० चा पॉट मोडला तर बीआर कोडने कापलेले १,२६० सगळेच्या सगळे परत मिळतात. म्हणून नवराबायकोत दोघांचेही छोटे पॉट असतील तर ज्याचं उत्पन्न कमी त्याचा आधी मोडा.

आता दडलेल्या गोष्टी. २०१३ च्या ऑटो-एन्रोलमेंटच्या पॉटमध्ये बहुधा काही नसतं. पण १९८० आणि ९० च्या दशकांतल्या जुन्या पॉलिसींमध्ये 'गॅरंटीड ॲन्युइटी रेट' असू शकतो, म्हणजे निवृत्तीनंतर ठरलेल्या, आजच्या बाजारापेक्षा चांगल्या दराने आयुष्यभर पेन्शन. पॉट मोडला की तो हक्क गेला. वुइथ-प्रॉफिट्स फंड (नफ्यातून बोनस देणारा जुन्या पद्धतीचा फंड) असेल तर ठरलेल्या तारखेआधी बाहेर पडल्यावर किंमत कापली जाऊ शकते; ती कपात कोणत्या तारखेला लागत नाही ते विचारा. बाहेर पडण्याचं शुल्क ५५ च्या पुढच्यांसाठी बहुतेक योजनांत एक टक्क्यापर्यंतच घेता येतं. प्रोव्हायडरला लेखी विचारायचे तीन प्रश्न एवढेच: काही हमी आहे का, किंमत कापली जाईल का, शुल्क किती.

पगारावर आधारित, म्हणजे डिफाइन्ड बेनिफिटची छोटी पेन्शन असेल तर तिचा हिशेब निराळा. तिथे वर्षाची पेन्शन रोख रकमेत बदलताना योजना कोणता गुणक लावते त्यावर सगळं ठरतं, आणि तिथे माझा सल्ला सहसा 'मोडू नका' असाच असतो. महागाईनुसार वाढणारी आयुष्यभराची रक्कम आहे ती.

पन्नाशी ओलांडलेल्यांना सरकारी 'पेन्शन वाइज'ची तासाभराची फुकट भेट मिळते. ते कोणतंही उत्पादन विकत नाहीत. प्रोव्हायडर फोनवर तुम्हाला ती घ्या असं सांगेलच. 'नको' म्हणून उरकू नका, घ्या.

थेंबेथेंबे

ताई, तुमच्या यजमानांच्या फोनबद्दल. तुम्हाला खरं वाटलं नाही ते अगदी योग्य.

पेन्शनला हात लावायचं किमान वय सध्या ५५ आहे. गंभीर आजारपण, किंवा काही मोजक्या योजनांत आधीपासून मिळालेला कमी वयाचा हक्क, एवढेच अपवाद. त्याआधी काढलेला पैसा 'अनऑथराइज्ड पेमेंट' ठरतो. त्यावर ४० टक्के टॅक्स, आणि पॉटचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त काढला असेल तर वर १५ टक्के. एकूण ५५. इथे २५ टक्के करमुक्त वगैरे काही नाही. २,९०० पौंडांवर १,५९५ टॅक्स, उरले १,३०५, आणि त्यातून त्या मध्यस्थाचं कमिशन. वाईट गोष्ट अशी की हा टॅक्स पॉटच्या मालकाला भरावा लागतो, मध्यस्थ पैसे घेऊन गायब झाला तरी. 'हे कर्ज आहे', 'ही कायद्यातली पळवाट आहे' असं काहीही सांगितलं तरी नियम बदलत नाही.

शिवाय पेन्शनबद्दल अनोळखी माणसाने आपणहून फोन करणं जानेवारी २०१९ पासून बेकायदा आहे. म्हणजे तो फोनच पुरेसा पुरावा. नंबर लिहून ठेवा, बोलणं वाढवू नका, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि जुन्या कंपनीचं नाव तर अजिबात सांगू नका. या दोन गोष्टींवर पॉट शोधून काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो.

आता तारखा नीट लक्षात घ्या, कारण यजमान अडचणीच्या जन्मसालात आहेत. ६ एप्रिल २०२८ पासून किमान वय ५७ होतंय. ऑक्टोबर १९७२ चा जन्म म्हणजे ५५ पूर्ण होतात ऑक्टोबर २०२७ मध्ये. तेव्हापासून ५ एप्रिल २०२८ पर्यंत, सहाएक महिन्यांची खिडकी उघडी आहे. त्या काळात पैसे प्रत्यक्ष हातात आले तर आले, नाहीतर ऑक्टोबर २०२९ पर्यंत थांबावं लागेल, ५७ पूर्ण होईपर्यंत. ६ एप्रिल १९७१ नंतर आणि ६ एप्रिल १९७३ च्या आधी जन्मलेल्या सगळ्यांना हे लागू आहे. खिडकीत काढायचंच असेल तर अर्ज मार्चवर ढकलू नका. ओळख पटवणं, बँक खातं तपासणं यात आठवडे जातात, आणि त्या वर्षी त्या महिन्यात गर्दी होणारच.

पैशाची निकड नसेल तर त्यांनी तो २,९०० चा पॉट आताच्या कंपनीच्या पेन्शनमध्ये वळता करावा. एका पेन्शनमधून दुसऱ्या नोंदणीकृत पेन्शनमध्ये नेताना टॅक्स लागत नाही आणि वयाची अटही नाही. एवढ्या छोट्या पॉटला ठरावीक रकमेचं वार्षिक शुल्क असेल तर ते हळूहळू पॉट खातं, म्हणून वळता करणं बरं.

घरात युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत) चालू असेल त्यांच्यासाठी एक वाक्य: पॉटमध्ये असेपर्यंत तो पैसा भांडवल म्हणून धरत नाहीत, बँकेत आला की धरतात. बचत ६,००० च्या वर गेली की क्रेडिट कमी होतं, १६,००० च्या वर बंद.

मुठेकाठी

पुण्यात परतलेल्यांसाठी थोडी भर घालते, कारण युकेत पाच-सात वर्षं काढून आलेल्या कितीतरी जणांचे असे पॉट तिथे पडून आहेत.

पॉट सापडत नसेल तर युके सरकारची पेन्शन ट्रेसिंगची फुकट सेवा आहे, कंपनीचं नाव टाकलं की योजनेचा पत्ता मिळतो. युकेतलं बँक खातं बंद केलं असेल तर अडचण येते. बरेच प्रोव्हायडर भारतातल्या खात्यात थेट पैसे पाठवायला कां-कूं करतात. म्हणून पॉट शिल्लक असेपर्यंत खातं चालू ठेवा.

परदेशी राहत असलात तरी प्रोव्हायडर युकेचा टॅक्स कापतोच. ६,२०० च्या स्मॉल पॉटवर करपात्र ४,६५०, कापले ९३०. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर भारतात राहूनही १२,५७० ची वैयक्तिक सवलत मिळते; युकेत दुसरं उत्पन्न नसेल तर आर४३ फॉर्म भरून हे ९३० परत मागा. भारतीय पासपोर्ट असेल तर आर४३ सोबतच्या टिपांमधली पात्रतेची अट वाचूनच भरा. 'दोन देशांच्या करारात पेन्शनवर फक्त राहत्या देशात टॅक्स आहे' असं सर्रास सांगितलं जातं. ते दर महिन्याच्या पेन्शनला ठीक आहे. पण करारातली पेन्शनची व्याख्या ठरावीक काळाने मिळणाऱ्या रकमेची आहे, त्यामुळे एकदाच उचललेल्या रकमेला तोच नियम लागेल असं धरून चालू नका.

भारताच्या बाजूने सगळ्यात महत्त्वाचं काय, तर तुमचं निवासी स्थान. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं बरेच जण 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या गटात येतात: मागच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल तर. या गटात असताना पैसे आधी युकेच्या खात्यात घेतले तर भारतात त्यावर टॅक्स नाही. म्हणजे वयाची अट पुरी होत असेल तर पॉट मोडायचा तो याच काळात. एकदा 'सामान्यतः निवासी' झालात की जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र. युकेत कापलेल्या टॅक्सची वजावट वेगळा फॉर्म भरून मागावी लागते. युकेत २५ टक्के करमुक्त आहेत म्हणून भारतातही ते आपोआप करमुक्त, असंही समजू नका. आणि तो पॉट विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायला विसरू नका, न दाखवल्याचा दंड पॉटपेक्षा मोठा होऊ शकतो. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मचे जुने नंबर सांगणारे लेख आता चालणार नाहीत.

तारखांची एक गंमतशीर वाटेल पण महाग पडू शकणारी बाब: भारताचं वर्ष ३१ मार्चला संपतं, युकेचं ५ एप्रिलला. २ एप्रिलला आलेले पैसे युकेत जुन्या वर्षात आणि भारतात नव्या वर्षात पडतात. शक्यतो या पाच दिवसांत पैसे घेऊच नका.

कुणी 'युकेचा पॉट भारतातल्या पेन्शन योजनेत हलवून देतो' म्हणालं तर आधी ती योजना एचएमआरसीच्या यादीत आहे का ते बघा. यादीबाहेरच्या योजनेत गेलेला पैसा अनऑथराइज्ड ठरतो, आणि मग वर थेंबेथेंबे यांनी सांगितलेले ५५ टक्के.

चाफा_स्लाउ

जाऊबाईंना ही शेवटची पोस्ट लगेच पाठवली, त्या दोन वर्षांपूर्वीच कोथरूडला परतल्या आहेत. आता उद्या प्रोव्हायडरला फोन करणार आहे. नेमकं काय म्हणू? आणि त्यांनी चुकून दुसऱ्या मार्गाने पैसे दिले तर मला कळेल कसं?

हिशेबनीस

फोनवर हे वाक्य म्हणा: 'मला हा पॉट स्मॉल लम्प सम म्हणून पूर्ण घ्यायचा आहे, यूएफपीएलएस म्हणून नाही, आणि एमपीएए लागणार नाही याची लेखी खात्री हवी आहे.' समोरच्याला फक्त 'रोख काढायचेत' म्हणालात तर तो त्याच्या स्क्रीनवरचा नेहमीचाच मार्ग धरेल. 'आम्ही स्मॉल पॉट देत नाही' असं उत्तर आलं तर ते खरं असू शकतं, कारण प्रोव्हायडरवर तशी सक्ती नाही. मग अर्ज तिथेच थांबवा आणि स्मॉल पॉट देणाऱ्या दुसऱ्या पेन्शनमध्ये तो पॉट वळता करून तिथून मोडा. चार-सहा आठवडे जास्त लागतील. छप्परवाल्याला तशी तारीख द्या.

फॉर्म आला की त्यावरचा मथळा बघा. 'माझे तीन स्मॉल पॉट अजून झालेले नाहीत' किंवा 'या योजनेतला माझा सगळा हक्क यातून संपतो' अशा अर्थाची कबुली मागितली असेल तर फॉर्म बरोबर आहे. 'यानंतर तुमची पेन्शन भरण्याची मर्यादा १०,००० होईल हे मला मान्य आहे' अशी चौकट असेल तर तो चुकीचा फॉर्म, सही करू नका.

पैसे आल्यावर पत्रकावरचा टॅक्स कोड वाचा. बीआर असेल आणि १,२६० कापले असतील तर ठीक. १२५७एल एम१ दिसला आणि १,४७२ च्या आसपास कापले असतील तर त्यांनी यूएफपीएलएस म्हणून दिलंय. त्याच दिवशी लेखी तक्रार करा आणि फोनवर मिळालेली खात्री, तारीख-वेळेसकट, जोडा. सगळ्यात पक्की खूण म्हणजे 'फ्लेक्सिबल ॲक्सेस' असा उल्लेख असलेलं पत्र. लवचीक मार्गाने पैसे दिले असतील तर प्रोव्हायडरला ते ३१ दिवसांत पाठवावंच लागतं. ते आलं तर फाइलमध्ये टाकून विसरू नका. ते मिळाल्यापासून ९१ दिवसांच्या आत तुमच्या चालू पेन्शनच्या प्रोव्हायडरला कळवणं तुमची जबाबदारी आहे, नाहीतर ३०० पौंड दंड. आणि पत्र आलंच नाही, कोड बीआर असला, तर आताच्या पेन्शनमध्ये ते २,०३० निर्धास्त टाका.